सार्वजनिक उद्यान, पुनर्विकास आणि परिसरातील रहिवाशांच्या शंका

मोठ्या शहरात नव्या सार्वजनिक उद्यानाची घोषणा झाली की तिचे सर्वत्र स्वागत व्हावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र अशा घोषणेनंतर परिसरातील रहिवाशांकडून स्वागताबरोबरच हरकतीही नोंदविल्या जातात. उद्यानाखाली वाहनतळ होणार का, शेजारच्या जमिनीवर किती मजली इमारती उभ्या राहणार, जुनी झाडे राहणार का, प्रवेशासाठी शुल्क द्यावे लागेल का, असे प्रश्न उपस्थित होतात. या शंकांना उद्यानाचा विरोध असे संबोधले जाते. तथापि, देशातील विविध शहरांमधील गेल्या 5 दशकांच्या घडामोडी पाहता, या शंकांमागे ठोस कारणे असल्याचे दिसून येते. मुंबई, बंगळुरू, लखनौ आणि दिल्ली येथील काही महत्त्वाच्या प्रकरणांच्या आधारे या विषयाची माहिती येथे देण्यात येत आहे.

महालक्ष्मी रेसकोर्सचा प्रस्ताव

मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्स 1883 पासून अस्तित्वात आहे. सुमारे 211 एकरांच्या या जमिनीचा काही भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या, तर उर्वरित मोठा भाग राज्य शासनाच्या मालकीचा आहे. ही जमीन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. त्या भाडेपट्ट्याची मुदत 2013 च्या मे महिन्यात संपुष्टात आली. त्याच वर्षी या जागेवर संकल्पना उद्यान उभारण्याचा विचार महापालिकेच्या पातळीवर मांडण्यात आला होता. मात्र, त्यानंतर सुमारे 10 वर्षे या जमिनीबाबत अंतिम निर्णय होऊ शकला नाही.

जानेवारी 2024 मध्ये क्लबच्या सदस्यांच्या सभेत या प्रस्तावावर मतदान घेण्यात आले. मतदान करणाऱ्या 708 सदस्यांपैकी 540 सदस्यांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. त्यानुसार 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे द्यावी आणि उर्वरित 91 एकर जमीन शर्यतींसाठी क्लबकडे राहावी, असे ठरले. राज्य मंत्रिमंडळानेही 2024 मध्येच या प्रस्तावास मान्यता दिली. किनारी रस्त्यासाठी भराव टाकून निर्माण झालेल्या जमिनीपैकी सुमारे 175 एकर क्षेत्र या उद्यानाशी जोडून एकंदर 295 एकरांचे मध्यवर्ती उद्यान साकारण्याची कल्पना यावेळी मांडण्यात आली.

या योजनेसंदर्भात नागरिक, वास्तुरचनाकार आणि क्लबच्या काही सदस्यांनी उपस्थित केलेले आक्षेप प्रामुख्याने प्रक्रियेशी निगडित होते. जमीन सार्वजनिक असताना तिच्या भवितव्याचा निर्णय प्रथम क्लबच्या सदस्यांसमोर का मांडण्यात आला, तपशीलवार आराखडा आधी का प्रसिद्ध झाला नाही, तबेल्यांच्या नूतनीकरणाचा खर्च कोणी करावा आणि रेसकोर्सच्या आवारात राहणाऱ्या कामगारांच्या वस्तीचे पुनर्वसन कोठे होणार, हे प्रश्न पुढे आले. जमिनीवर बांधकाम होणार नाही, असे प्रशासनाकडून स्पष्ट करण्यात आले. मात्र, उद्यान आणि किनारी रस्ता यांना जोडणारा भुयारी मार्ग व भूमिगत वाहनतळ यांचा योजनेत अंतर्भाव करण्यात आला. 2025 मध्ये भूमिगत क्रीडा संकुलाचा प्रस्तावही मांडण्यात आला. जमिनीवरील बांधकाम आणि जमिनीखालील बांधकाम यांतील फरक त्यामुळे चर्चेच्या केंद्रस्थानी आला.

मोकळ्या जागेचे प्रमाण

केंद्र शासनाच्या नगर नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असणे अपेक्षित आहे. 295 एकर म्हणजे सुमारे 12 लाख चौरस मीटर. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. या हिशेबाने, एवढे मोठे उद्यान पूर्ण स्वरूपात साकारले तरी प्रत्येक मुंबईकराच्या वाट्याला एका चौरस मीटरचा दहावा भागदेखील येत नाही. ज्या शहरात मोकळ्या जागेची इतकी टंचाई आहे, तेथे उपलब्ध होणाऱ्या प्रत्येक एकराचा वापर कसा होतो, याविषयी रहिवासी जागरूक असणे स्वाभाविक मानले जाते.

आरक्षण आणि प्रत्यक्ष उद्यान

उद्यानाची घोषणा आणि उद्यानाचे आरक्षण या दोन भिन्न बाबी आहेत. शहराच्या विकास आराखड्यात एखादा भूखंड उद्यानासाठी दर्शविला गेला, की त्यास आरक्षण असे म्हणतात. महाराष्ट्रात ही प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये पार पाडली जाते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणे, नागरिकांकडून हरकती व सूचना मागविणे, नियोजन समितीपुढे सुनावणी घेणे आणि त्यानंतर शासनाची मंजुरी, असे तिचे टप्पे आहेत. मंजूर आराखड्यात किरकोळ स्वरूपाचा फेरबदल करावयाचा असल्यास कलम 37 नुसार पुन्हा सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात.

आरक्षित भूखंड खासगी मालकीचा असेल तर केवळ आरक्षणाने उद्यान निर्माण होत नाही. ती जमीन संपादित करावी लागते. याच अधिनियमाच्या कलम 127 नुसार, आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक प्राधिकरणास सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या विहित मुदतीत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. ही मुदत 2015 च्या दुरुस्तीनंतर 24 महिन्यांची करण्यात आली. निधीअभावी किंवा दिरंगाईमुळे अनेक ठिकाणी आराखड्यातील हिरवा रंग कागदावरच राहतो. नागरिकांच्या शंकांचे हे एक प्रमुख कारण होय.

दुसरा महत्त्वाचा भेद सार्वजनिक उद्यान आणि गृहसंकुलातील मनोरंजन मैदान यांच्यातील आहे. पुनर्विकासाच्या जाहिरातींमध्ये दाखविली जाणारी बाग बहुधा त्या संकुलातील रहिवाशांपुरती असते. शेजारच्या वस्तीतील मुलांना तेथे प्रवेशाचा हक्क नसतो. त्यामुळे पुनर्विकासात हिरवळ किती राहणार, या प्रश्नाबरोबरच ती कोणासाठी राहणार, हाही प्रश्न विचारला जातो.

गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव

पुनर्विकासातून उद्याने मिळतील, या आश्वासनाचे काय होऊ शकते, याचे मुंबईतील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे कापड गिरण्यांच्या जमिनी. जानेवारी 1982 मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील उद्योगास उतरती कळा लागली आणि शहराच्या मध्यभागातील शेकडो एकर जमिनीच्या वापराचा प्रश्न निर्माण झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 मध्ये यासाठी एक सूत्र निश्चित करण्यात आले. स्थूलमानाने सांगावयाचे झाल्यास, पुनर्विकासासाठी उपलब्ध होणाऱ्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेकडे उद्याने व सार्वजनिक सुविधांसाठी, एक तृतीयांश हिस्सा म्हाडाकडे घरांसाठी आणि उर्वरित हिस्सा मालकाकडे, अशी ही विभागणी होती.

2001 मध्ये या नियमात दुरुस्ती करण्यात आली. गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीचीच विभागणी करावी, असा या दुरुस्तीचा अर्थ लावण्यात आला. गिरणीच्या आवारातील बराचसा भाग इमारतींनी व्यापलेला असल्याने महापालिका व म्हाडाच्या वाट्याला येणारे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतील 5 गिरण्यांची विक्री झाली. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर महिन्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मात्र, सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2006 रोजी हा निर्णय फिरवला आणि 2001 ची दुरुस्ती वैध ठरवली.

या प्रकरणात कोणत्याही उद्यानाचे आरक्षण उघडपणे रद्द झाले नव्हते. नियमातील एका संज्ञेची व्याख्या बदलली आणि त्याबरोबर उद्यानांचे क्षेत्र आक्रसले. यामुळेच नियमावलीतील फेरबदलाच्या सूचना वाचणे हे आराखडा पाहण्याइतकेच आवश्यक आहे, असे नगररचनेचे अभ्यासक सांगतात.

बंगळुरू : रहिवाशांचा दावा ग्राह्य

उद्यानासाठी राखीव भूखंडाबाबत शेजारच्या रहिवाशांना न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नाचे उत्तर बंगळुरू येथील एका प्रकरणाने दिले. तेथील राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा 1976 मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट या संस्थेला रुग्णालय उभारण्यासाठी देण्यात आली. मुख्यमंत्र्यांच्या पातळीवरील निर्देशानंतर हे वाटप झाले होते. परिसरातील रहिवाशांनी त्यास आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने याचिका फेटाळली. मात्र, खंडपीठाने रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला.

संस्थेने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1991 मध्ये फेटाळून लावले. रुग्णालय हीदेखील लोकोपयोगी सुविधा असल्याचा युक्तिवाद संस्थेच्या वतीने करण्यात आला होता. खासगी रुग्णालय हा सार्वजनिक उद्यानाचा पर्याय ठरू शकत नाही, आराखड्यात राखलेली मोकळी जागा ही तेथील रहिवाशांच्या हितासाठी असते आणि तिचा वापर बदलला गेल्यास त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दरम्यानच्या काळात 1984 मध्ये बंगलोर विकास प्राधिकरण अधिनियमात कलम 38 अ समाविष्ट करण्यात आले. उद्याने व क्रीडांगणांसाठी राखीव जागा अन्य कामासाठी विकता किंवा देता येणार नाही आणि तसा व्यवहार झाल्यास तो रद्दबातल ठरेल, अशी तरतूद त्यात आहे.

लखनौ : उद्यानाखालील बाजारपेठ

भूमिगत बांधकामासंबंधीच्या चर्चेत लखनौ येथील झंडेवाला उद्यानाचा दाखला दिला जातो. अमीनाबाद या गजबजलेल्या बाजारपेठेतील हे उद्यान स्वातंत्र्य चळवळीतील सभांशी निगडित आहे. 1993 मध्ये लखनौ महापालिकेने या उद्यानाखाली भूमिगत व्यापारी संकुल बांधण्यासाठी एका बांधकाम कंपनीशी करार केला. त्यासाठी निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. वरील भागात उद्यान कायम राहील, तसेच वाहनतळाचीही सोय होईल, अशी भूमिका घेण्यात आली होती.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा करार अवैध ठरविल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. महापालिका ही सार्वजनिक जागांची विश्वस्त असून तिला अशा रीतीने त्या जागेवरील हक्क सोडून देता येत नाहीत, असे न्यायालयाने नमूद केले. संकुलाचे 3 विभाग पाडून तेथे उद्यान पूर्ववत करावे आणि उर्वरित एका विभागाचे वाहनतळात रूपांतर करावे, असा आदेश देण्यात आला. बांधकामावर मोठा खर्च झाला असल्याने ते कायम ठेवावे, ही विनंती न्यायालयाने मान्य केली नाही.

भूमिगत बांधकामामुळे जमिनीच्या गुणधर्मात बदल होतो, हा रहिवाशांचा आणखी एक आक्षेप असतो. काँक्रीटच्या छतावर मातीचा थर मर्यादित जाडीचा असल्याने मोठी मुळे असलेल्या वृक्षांची वाढ खुंटते. पावसाचे पाणी खोलवर मुरण्याऐवजी गटारांकडे वळते. वायुवीजनासाठी झरोके, उतरणीचे मार्ग व आपत्कालीन दरवाजे यांसाठीही पृष्ठभागावरील जागा द्यावी लागते. मुंबईतील दादर येथील कोहिनूर गिरणीच्या जागेवरील बांधकामाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये, त्यावेळी लागू असलेल्या नियमांनुसार आवश्यक असलेले किमान मनोरंजन मैदान जमिनीच्या पातळीवरच असावे, वाहनतळाच्या छतावर नसावे, असा निर्णय दिला होता.

दिल्ली : वृक्ष आणि वसाहती

नवीन उद्यान निर्माण होत असताना अस्तित्वातील हिरवाई नष्ट होते का, हा प्रश्न दिल्लीत 2018 मध्ये ऐरणीवर आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2016 मध्ये दक्षिण दिल्लीतील 7 शासकीय वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली होती. त्यानुसार 12 हजार 970 जुन्या निवासस्थानांच्या जागी सुमारे 25 हजार 667 निवासस्थाने बांधण्याचे नियोजन होते. सरोजिनी नगर, नौरोजी नगर आणि नेताजी नगर या वसाहतींमध्ये हजारो जुने वृक्ष होते. जून 2018 मध्ये रहिवासी व विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून वृक्षांना मिठी मारून निषेध नोंदविला.

हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचल्यानंतर पुढील सुनावणीपर्यंत वृक्षतोड केली जाणार नाही, असे आश्वासन प्रकल्प राबविणाऱ्या राष्ट्रीय इमारत बांधकाम महामंडळाने दिले. वृक्ष वाचविण्याच्या दृष्टीने आराखड्याचा फेरविचार करण्यात येईल, अशी घोषणा केंद्र शासनातर्फेही करण्यात आली. तोडलेल्या प्रत्येक वृक्षामागे अनेक रोपे लावण्याची अट कायद्यात असते. परंतु ही रोपे बहुधा दूरच्या ठिकाणी लावली जातात आणि जुन्या वृक्षाची सावली देण्यास त्यांना अनेक दशके लागतात. परिसरातील रहिवाशांचे नुकसान त्यामुळे भरून निघत नाही.

प्रवेश आणि देखभाल

उद्यान तयार झाल्यानंतरही प्रश्न संपत नाहीत. मुंबईत महापालिकेच्या मैदानांची व उद्यानांची देखभाल खासगी संस्थांकडे सोपविण्याचे धोरण दीर्घकाळ राबविण्यात आले. काही ठिकाणी सामाजिक संस्थांनी उत्तम देखभाल केली. मात्र, काही भूखंडांवर क्लब व सभागृहे उभी राहिली आणि सर्वसामान्यांचा प्रवेश मर्यादित झाला, अशा तक्रारी होत्या. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे नवे धोरण संमत केले. त्यावर नागरिकांमधून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणास स्थगिती दिली आणि यापूर्वी संस्थांकडे दिलेले 200 हून अधिक भूखंड परत घेण्याचे निर्देश दिले.

उद्यानाच्या सान्निध्यात जमिनीचे भाव वाढतात, ही बाबही लक्षात घ्यावी लागते. सदनिकाधारकांना त्याचा लाभ होतो. भाडेकरू, फेरीवाले, घरकामगार आणि झोपडपट्टीतील कुटुंबे यांना मात्र वाढत्या भाड्यामुळे किंवा पुनर्वसनाच्या नावाखाली परिसर सोडावा लागण्याची भीती असते. त्यामुळे एकाच परिसरातील रहिवाशांच्या शंकादेखील सारख्या नसतात. एका गटाला गर्दी आणि वाहनांची चिंता वाटते, तर दुसऱ्या गटाला आपण येथे राहू की नाही याची.

नागरिकांना उपलब्ध असलेले मार्ग

आराखड्यावर विहित मुदतीत लेखी हरकत नोंदविणे हा पहिला आणि सर्वाधिक परिणामकारक मार्ग मानला जातो. मुंबईच्या 2014 ते 2034 या कालावधीसाठीचा पहिला प्रारूप विकास आराखडा नागरिकांच्या हजारो हरकतींनंतर एप्रिल 2015 मध्ये मागे घेण्यात आला आणि त्यातील त्रुटी दूर करून नव्याने तयार करण्यात आला, हे त्याचे उदाहरण आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये भाडेपट्टा, करार, नकाशे व टिपण्यांच्या प्रती मागविता येतात. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे दायित्व या अधिनियमाच्या कलम 4 नुसार शासकीय प्राधिकरणांवर आहे. वृक्षतोडीच्या प्रस्तावांवर वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत घेता येते. हे सर्व मार्ग खुंटल्यास उच्च न्यायालयात याचिका दाखल करण्याचा पर्याय राहतो.

कोणत्याही उद्यान प्रकल्पाची पाहणी करताना काही मूलभूत बाबी तपासणे उपयुक्त ठरते. जमिनीची मालकी कोणाची आहे आणि विकास आराखड्यात तिचा वापर काय दर्शविला आहे? जमिनीखाली काही बांधकाम प्रस्तावित आहे का? शेजारच्या भूखंडांवरील चटईक्षेत्र निर्देशांकात त्याच वेळी बदल होत आहे का? उद्यान आधी पूर्ण होणार आहे की इमारती? देखभालीचा खर्च कोण करणार आणि प्रवेश विनामूल्य राहणार का? सध्या तेथे राहणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन कोठे होणार? या प्रश्नांची उत्तरे तोंडी आश्वासनांत नव्हे, तर आराखडा, करार आणि शासन निर्णय यांत लेखी स्वरूपात असणे आवश्यक आहे.

बंगळुरूच्या रहिवाशांना 1976 च्या निर्णयाविरुद्ध अंतिम निकाल मिळण्यास 15 वर्षे लागली. लखनौमध्ये न्याय मिळेपर्यंत संकुल उभे राहिले होते आणि ते पाडावे लागले. गिरण्यांच्या जमिनींबाबतचा निकाल आला तेव्हा व्यवहार होऊन गेले होते. बांधकाम झालेली जमीन पुन्हा मोकळी होणे ही अपवादात्मक बाब आहे. त्यामुळे उद्यानाविषयीच्या शंका नियोजनाच्या टप्प्यावरच मांडल्या जाणे आणि त्यांचे त्याच टप्प्यावर निरसन होणे, हे रहिवासी तसेच प्रशासन या दोघांच्याही हिताचे ठरते.